हॅरी पॉटर आणि घरचा गुलाम



जादूटोण्याच्या गोष्टींशी आपले वाकडेच. म्हणून नातीने ‘हॅरी पॉटर’चा सातवा व शेवटचा भाग हाती दिला, तेव्हा मी नाक मुरडले. आधीचे सहा वाचलेले नव्हते. ती शेजारी बसून कोण कुणाचा ते सांगत गेली. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेचे हे पुस्तक २००७ साली आले.

वाचता वाचता ओळख पटू लागली. त्यात ‘शुद्ध रक्ता’चा माज आहे. सत्ता दुष्टांच्या हाती जाताच, ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत त्यांना नोंदणीला बोलावतात, विद्या चोरल्याचा आरोप ठेवतात आणि हातातली छडी काढून घेतात. विद्या कुणी शिकावी हे जन्मावरून ठरवणारे आपल्याला का नवे आहेत?

‘एल्फ’ नावाची बुटकी जमात जादूगारांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबते. त्यातला डॉबी दुसऱ्या भागात मुक्त झालेला. इथे तो हॅरीला वाचवताना मरतो. हॅरी जादू न वापरता आपल्या हातांनी त्याची कबर खणतो. तिथे माझे डोळे भरून आले.

शेवट मात्र खटकला. विजयानंतर सारे एकाच दालनात बसतात, एल्फसुद्धा. पण हॅरीच्या मनात येते, आपला क्रीचर सँडविच आणून देईल का? क्रीचर म्हणजे त्याच्या घरचा एल्फ. दुष्ट मेला, गुलामी राहिली!

नात म्हणाली, “आजोबा, गोष्टच आहे ती.” खरे आहे. पण मालक प्रेमळ मिळाला म्हणजे मुक्ती मिळाली असे नव्हे, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. मुलांना पुस्तक जरूर वाचू द्या. वाचून झाल्यावर क्रीचरचे पुढे काय झाले, एवढे विचारा.