नोकरी सुटते, मधुमेह सुटत नाही

नोकरी सोडताना पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे यांचा हिशोब आपण चोख करतो. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट संपते आणि बहुतेकांना ती पुढच्या आजारपणातच कळते. ती म्हणजे ऑफिसचा मेडिक्लेम.

दवाखान्यात मी पेशंटला विचारतो, "विमा आहे का?" उत्तर येते, "हो, कंपनीचा आहे ना!" माझे स्पष्ट मत आहे की हे उत्तर अपुरे आहे. ती पॉलिसी तुमच्या कंपनीने घेतलेली असते. तुम्ही, तुमचे कुटुंब आणि काही ठिकाणी आई-वडीलही तिच्यात असतात, ते तुम्ही तिथे नोकरीला आहात म्हणून. नोकरी संपली की हे संरक्षणही संपते.

यात डॉक्टरने का बोलावे? कारण नोकरीची शेवटची वर्षे आणि आजारांची पहिली वर्षे साधारण एकाच वेळी येतात. चाळिशी-पन्नाशीत शुगर, बीपी, थायरॉईड सुरू होते. साठीच्या आसपास मोतीबिंदू, गुडघे, प्रोस्टेट, हृदयाच्या तक्रारी डोके वर काढतात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच कार्ड बंद पडते.

"मग तेव्हा नवी पॉलिसी घेऊ" असे वाटत असेल, तर तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, बहुतेक ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होतात, वैयक्तिक पॉलिसीत तसे नसते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तिथे कमाल ३ वर्षांचा वेटिंग पीरियड असू शकतो. (२०२४ पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असे.) दोन, हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल अशा ठराविक शस्त्रक्रियांसाठीही वेगळे थांबावे लागते. तीन, वय आणि आजार पाहून प्रीमियम वाढतो, कधी अर्ज नाकारलाही जातो.

यावर एक वाट आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाण्याचा पर्याय विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, नियमांत आहे. याला 'मायग्रेशन' म्हणतात. तुम्ही जितका काळ अखंड विम्यात होता, तितका काळ नव्या पॉलिसीच्या वेटिंग पीरियडमधून वजा होतो, पण जुन्या विमा रकमेपुरताच. अर्ज केला म्हणजे मंजूर झालाच असे नाही, कंपनी तपासण्या करून घेऊ शकते. म्हणून राजीनामा दिल्यावर नोटीस पीरियडमध्येच एचआर आणि विमा कंपनी दोघांना लेखी विचारा. एकदा खंड पडला की ही सवलत हातची जाते.

तुम्ही ईएसआयमध्ये असाल तर वेगळा नियम आहे. किमान ५ वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. इतकी स्वस्त सोय असूनही अनेक कामगारांना तिचा पत्ता नसतो. घरात ७० वर्षांवरील कोणी असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. ते कार्डही काढून ठेवा.

आता थोडे कडू. "डॉक्टर, पेपरवर डायबिटीस लिहू नका, विम्याला अडचण येते," अशी विनंती आम्हाला वरचेवर होते. ती आम्ही मान्य करू शकत नाही, आणि त्यात तुमचेच नुकसान आहे. जुना आजार लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी अॅडमिट झाल्यावर, क्लेमच्या वेळी, दगा देते. खरे सांगून प्रीमियम थोडा जास्त भरलेला परवडतो.

माझा सल्ला असा. तब्येत ठणठणीत आहे तेव्हाच, शक्यतो चाळिशीच्या आत, स्वतःच्या नावावर एक छोटी का होईना पॉलिसी घ्या. ऑफिसचा विमा असला तरी घ्या. पैसे वाया गेले असे वाटेल, पण त्या वर्षांत वेटिंग पीरियड मुकाट्याने संपत असतो. प्रीमियम परवडत नसेल तर निदान नोकरी सोडण्याआधी मायग्रेशनची चौकशी करा आणि सगळे जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, विम्याची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा.

कंपन्यांनाही सांगणे आहे. राजीनाम्यानंतर लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेण्याची यादी तुम्ही देताच. त्यात "तुमचा विमा अमुक तारखेला संपेल, पुढे चालू ठेवायचा असेल तर इथे अर्ज करा" ही एक ओळ घाला. तिला खर्च काहीच नाही. एखाद्या घराची आयुष्यभराची बचत मात्र तिच्यामुळे वाचेल.