पट घसरतो, तेव्हा शाळेतून कोण गेलेले असते?

१/ २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. भाम धरणाच्या विस्थापितांची ही मुले. शाळा बंद करायची असेल, तर दप्तरे परत घ्या आणि राखायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. त्या उपरोधामागे १४० वर्षांचा इतिहास आहे. (थ्रेड)

२/ १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी.

३/ त्याच निवेदनात एक बारकावा आहे. गरीब शेतकऱ्याचे मूल शाळेत येत नाही, कारण घराला ते गुरांमागे आणि शेतावर हवे असते. म्हणून केवळ शाळा वाढवून भागणार नाही. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही हवीत. रिकाम्या वर्गाचे कारण फुले पालकांच्या अनास्थेत नव्हे, तर घरच्या अर्थकारणात शोधत होते.

४/ आजच्या नाशिकमध्ये हे कारण ठळक दिसते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरची कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. छाटणीपासून खुड्यापर्यंत मजुरी तिकडे, शाळा इकडे. हजेरीपट मुलाची गैरहजेरी नोंदवतो. स्थलांतर नोंदवायला त्यात रकाना नसतो.

५/ दुसरी गळती सुस्थितीतील कुटुंबांची. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवले, की सार्वजनिक शाळेचा दर्जा घसरू लागला की गुणवत्तेबाबत सर्वाधिक जागरूक पालक आधी बाहेर पडतात. शाळेविषयी आवाज उठवू शकणारे तेच असतात. ते गेल्यावर दर्जा आणखी घसरतो आणि तक्रार ऐकू येणेही थांबते.

६/ महाराष्ट्राने २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने ही बाहेरची वाट रुंद केली. सरपंच, ग्रामसेवक, बागाईतदार यांची मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाकडे निघाली, की गावच्या शाळेत उरतात ती ज्यांच्यापाशी दुसरा पर्याय नाही त्यांची मुले. मग पट मोजला जातो आणि शाळेवर ठपका येतो.

७/ २०२३ मध्ये राज्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार मांडला. अशा शाळा सुमारे १५ हजार. त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही : दोन शिक्षकांवर पाच इयत्ता, सवंगडी मोजके, खेळाला गडी अपुरे. तोरणमाळ आणि पानशेतचे दाखलेही देण्यात आले.

८/ पण शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि भरून वाहणारे ओहोळ पाहता सहा वर्षांच्या मुलाला हे अंतर किती मोठे, हे नकाशावर दिसत नाही. शाळा लांबली की आधी थांबते ती बहुधा धाकटी मुलगी.

९/ १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. तेव्हा राज्यसत्ता मूल शाळेत आणण्यासाठी त्याच्या दारी जात होती. आता मुलाला शाळेच्या दारी जायला सांगितले जात आहे, आणि ते दारही लांब नेले जात आहे.

१०/ म्हणून पट हा निकाल नव्हे, लक्षण आहे. शाळा बंद करण्यापूर्वी गावात दोनच प्रश्न विचारावेत : मजुरीसाठी कोण गेले? पर्याय मिळाला म्हणून कोण गेले? पहिल्यांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू व्हावीत. दुसरे परत येतील अशी शाळा घडवावी. हे न करता कुलूप लावणे म्हणजे फुल्यांनी १८८२ मध्ये ओळखलेल्या दारिद्र्याची शिक्षा मुलांना देणे होय.