बाई चुकल्या, फर्माही चुकला!

बालमित्रांनो, परवा पाचवीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. फळ्यावर मूळ संख्या लिहीत होते. ७९, ८३, ८९... आणि पुढे सरळ ९१! मागच्या बाकावरची एक मुलगी एरवी तोंडसुद्धा उघडत नाही. ती हळूच म्हणाली, "बाई, तेरा साती एक्याण्णव." झालं! वर्गात एकच हशा. मी गुपचूप डस्टर फिरवलं. तिला शाबासकी दिली ती तास संपल्यावर. खरं तर सगळ्यांसमोरच द्यायला हवी होती.

तेव्हा मला फर्मा आठवला. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गृहस्थ. काम न्यायखात्यात, पण वेड गणिताचं. त्यानं काय केलं पाहा. २ घ्या, त्यात १ मिळवा : ३. आता २ चा वर्ग ४, अधिक १ : ५. ४ चा वर्ग १६, अधिक १ : १७. असंच पुढे गेलं की २५७ आणि ६५,५३७ येतात. पाचही संख्या मूळ! म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून त्यांना कशानंच भाग जात नाही. मग १६४० साली फर्मानं लिहिलं, की अशा सगळ्याच संख्या मूळ असणार. सिद्धता हाती नव्हती, पण खात्री मात्र पक्की!

पुढची, सहावी संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १. ती येते ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटींच्या वर! एवढ्या मोठ्या संख्येला भाग जातो का, हे कोण बघत बसणार?

ऑयलरनं बघितलं. १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. ६४१ ने भाग जातो! ६४१ × ६७,००,४१७. करा गुणाकार.

नाहीतर एक युक्ती सांगते. ६५,५३६ ला ६४१ ने भागा. बाकी उरते १५४. आपल्याला फक्त बाकीशीच काम आहे ना? मग ६५,५३६ ऐवजी १५४ चाच वर्ग केला तरी चालतो. तो २३,७१६. त्यात १ मिळवा, २३,७१७. आणि ६४१ × ३७ किती? बरोब्बर तेवढेच! बाकी शून्य. दहा आकडी संख्या, पण काम अर्ध्या पानात.

पण ६४१ च कुठून आला? ऑयलरनं पुढे दाखवून दिलं, की या सहाव्या संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीत १ मिळवूनच येते. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नातच सापडला की चोर!

गंमत म्हणजे त्या पहिल्या पाचांनंतर फर्माच्या संख्यांमध्ये आजपर्यंत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. संगणक लावूनसुद्धा!

आता तुमचं काम. याच युक्तीनं आपल्या दहा आकडी संख्येला १९३ ने भागून बाकी काढा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात ताडून पाहू. माझं उत्तर चुकलं, तर मात्र मोठ्यानं सांगा हं!