शिकारीचा स्वस्त गाईड : थोडं स्पष्ट बोलते

मंडळी, हा विषय आपल्या वार्तापत्रात यावा की नाही, यावर कमिटीत थोडी खळखळ झाली. आपल्यातली बरीच घरं शाकाहारी आहेत. त्यांनी हे पान खुशाल उलटावं, मला राग नाही. पण दिवाळीच्या कार्यक्रमानंतर केंटिश टाउनच्या हॉलमध्ये खुर्च्या आवरताना चार जणांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला : "तुम्ही गेल्या वर्षी रानडुकराच्या शिकारीला गेला होतात ना? स्वस्तातला गाईड कोण?" चौघांनाही मी गुळमुळीत उत्तर दिलं. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

नव्याने आलेल्यांना वाटेल, कॅमडेनमध्ये राहून रानडुकराचं काय? तर या देशातलं मूळ रानडुक्कर काही शतकांपूर्वीच शिकारीने संपलं. १९८० नंतर मांसासाठी पाळलेली काही डुकरं कुंपणं तोडून पळाली, आणि १९९८ मध्ये सरकारनेच मान्य केलं की केंट-ईस्ट ससेक्स आणि डॉर्सेट इथे ती रानात वाढताहेत. सगळ्यात मोठा कळप आज ग्लॉस्टरशरमधल्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये आहे. तिथल्या सरकारी रानात संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम वनखात्याचे लोक करतात. बाहेरच्या हौशी माणसाला वाट मोकळी आहे ती खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने.

आपल्यापैकी कोकणातल्यांना हे जनावर परकं नाही. एका रात्रीत भाताचा कोपरा नांगरल्यासारखा उकरलेला आम्ही लहानपणी पाहिला आहे. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारायचं तरी वनखात्याचा परवाना लागतो. त्यामुळे आजोबांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे ही गोष्ट कायदेशीरपणे करता येते म्हटलं की हात शिवशिवतात. त्यात मला गैर वाटत नाही.

गेल्या वर्षी माझे दीर कणकवलीहून आले होते. त्यांची फार हौस. मंडळाच्या सहलींचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे भाव काढायचं काम माझ्याकडे आलं. दोन गाईडांशी बोलले. एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा होता. मी निम्मा आकडा निवडला आणि घरी शाबासकीही घेतली.

लंडनच्या दक्षिणेला एका खाजगी रानात आम्ही संध्याकाळी पोचलो. गाईडने रायफल दिली, पण आधी निशाणावर एक गोळी झाडून बघा, असं काही म्हटलं नाही. मचाणावर बसलो. अंधार पडता पडता एक मोठं डुक्कर नेच्यांतून बाहेर आलं आणि दिरांनी गोळी झाडली. डुक्कर मोडलं नाही, पळालं. गाईडने दहा मिनिटं टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "चुकली." मी खाली वाकून पाहिलं. पानावर काळसर रक्त होतं आणि त्यात हिरवट कण. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. गोळी पोटात लागली होती. फुप्फुसाला लागली असती तर रक्त गुलाबी, फेसाळ दिसलं असतं आणि जनावर जवळपासच पडलं असतं. पोटात लागलेलं जनावर मात्र तासन् तास जगतं. मी ते गाईडला दाखवलं. त्याच्याकडे कुत्रा नव्हता, आणि सकाळी दुसरं गिऱ्हाईक होतं. त्याने पैसे घेतले आणि गाडी काढली. डुक्कर सापडलं नाही. दीर परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

आमचे आजोबा १९७२ च्या आधी गावच्या हाक्यात बंदूक घेऊन बसायचे. ठासणीची बंदूक, बार एकच. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे : "गोळी चुकली तरी चलात, पण घायाळ डुकर रानात टाकून घराक येव नको." यात दया होतीच, पण हिशेबही होता. घायाळ डुक्कर दुसऱ्या दिवशी लाकडाला गेलेल्या बाईच्या अंगावर यायचं. म्हणून माग काढणाऱ्या माणसाला बंदूकवाल्याइतकाच वाटा असे, आणि सागोती वाटताना कुत्र्याचाही वाटा निघे. म्हणजे त्या गरीब गावालासुद्धा पैसे कशाचे द्यायचे हे कळत होतं. डॉक्टरेट मिळवून मला ते कळलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : गाईडची किंमत गोळी झाडेपर्यंतच्या कामावरून ठरवू नका, गोळी झाडल्यानंतरच्या कामावरून ठरवा. तो डुक्कर दाखवेल की नाही, हा पहिला प्रश्नच नव्हे. "घायाळ झालं तर तुम्ही काय करता?" हा पहिला प्रश्न. चांगला गाईड लगेच सांगेल की पोटात लागली असेल तर घाई करायची नाही, थोडं थांबून माग काढायचा, आणि शिकवलेला कुत्रा कुठून येईल तेही सांगेल. कुत्र्याचं नाव काढताच कोणी २००४ च्या कायद्याकडे बोट दाखवेल. त्या कायद्याने कुत्र्यांनी शिकार करायला बंदी केली हे खरं, पण घायाळ जनावराचे हाल थांबवण्यासाठी, जमिनीच्या मालकाच्या संमतीने, दोनपर्यंत कुत्री वापरण्याची सोय त्यातच आहे.

दुसरा प्रश्न कागदांचा. आपल्यापैकी बहुतेकांकडे रायफलचा परवाना नाही. १९६८ च्या शस्त्र कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १७ वर्षांवरच्या माणसाला खाजगी जमिनीवर शिकारीसाठी रायफल उसनी घेता येते. पण देणारा परवानाधारक हवा, तो तुमच्याजवळ हजर हवा, आणि त्या जमिनीवर शिकारीला माणसं नेण्याचा हक्क त्याचा स्वतःचा हवा किंवा हक्कदाराची लेखी परवानगी हवी. ते पत्र दाखवा म्हणायला लाजू नका. भाड्याच्या घराचे कागद आपण तीनदा वाचतो, मग इथे बंदूक हातात घेताना संकोच कसला?

तिसरा प्रश्न, काय मारायचं नाही? रानडुकराला इथे कायद्याने बंद मोसम नाही, म्हणजे बारा महिने मोकळीक. म्हणूनच जबाबदारी गाईडच्या विवेकावर येते. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं मागे असलेल्या डुकरिणीवर गोळी झाडू देणारा गाईड फुकट मिळाला तरी नको.

आता मांसाबद्दल, कारण हा माझा प्रांत आहे. मारलेलं डुक्कर बहुधा जमीनमालकाचं असतं आणि मांस किलोवर विकत घ्यावं लागतं, ते आधी विचारा. रानडुकरात ट्रायकिनेला नावाचा सूक्ष्म कृमी असू शकतो. त्याची तपासणी होते का, विचारा. फ्रीजरवर भरवसा ठेवू नका, मांस आतपर्यंत नीट शिजवा. आपला कुकर इथे कामाचा आहे. शिसं मात्र शिजवून जात नाही. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून दूरपर्यंत पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. अशा शिकारीचं मांस वारंवार खाणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुलं आणि गरोदर बायकांनी, ते कमी करावं असा सल्ला इथल्या अन्न खात्याने २०१२ मध्येच दिला. तांब्याची गोळी वापरणारा गाईड थोडा महाग पडेल. मुलांच्या ताटात वाढायचं असेल तर तेवढे पैसे द्या.

काही जण म्हणतील, पोलंड-हंगेरीत सगळं स्वस्तात होतं. तिथले करार नीट वाचा. रक्ताचा थेंब दिसला की जनावर सापडो न सापडो, पूर्ण फी, असं पुष्कळ ठिकाणी असतं. सुळ्यांच्या लांबीवर वेगळा आकार असतो. शिवाय १२ एप्रिल २०२५ पासून युरोपियन युनियनमधून डुकराचं मांस घरच्यासाठीसुद्धा आणायला बंदी आली. म्हणजे विमानाचं भाडं भरून हात हलवत परत यायचं.

"आम्ही काय इथे हौसेवर पैसे उधळायला आलोय?" हा सूर मला ऐकू येतोय, आणि तो रास्त आहे. मॉर्गेज, मुलांचे क्लास, दर दोन वर्षांनी गावची तिकिटं, हे मलाही चुकलेलं नाही. पण काटकसर योग्य जागी करावी. चौघांनी मिळून एकच चांगला गाईड घ्या. एकाने बंदूक धरावी, बाकीच्यांनी बघावं. शनिवार-रविवार सोडून आडवारी जा. सुळे भिंतीवर लावायचा मोह सोडा. आणि नुसतं जनावर बघायचं असेल तर फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये पहाटे चालायला कोणी पैसे मागत नाही. फक्त अंतर राखा आणि कुत्रा असेल तर साखळीला बांधा.

आम्ही निवडलेल्या गाईडचं नाव मी छापत नाही, कारण तेव्हा एकही प्रश्न न विचारता पैसे मोजणारी मीच होते. ज्या दुसऱ्या गाईडला महाग म्हणून सोडलं, त्याच्या दरपत्रकात "माग काढणे, कुत्र्यासह" अशी एक ओळ होती. ती मी वाचली होती, आणि जास्तीचा खर्च म्हणून पेन्सिलीने खोडली होती. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे. जानेवारीत जायचं ठरवलेल्या चारही घरांनी मला फोन करावा, मी तो कागद घेऊन येईन.