भाचेबुवांची शेवटची स्वारी

दिवाळीची सुट्टी लागली की मास्तराने काय करावे, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. माझे मत असे, की त्याने आरामखुर्चीत पडून वर्षभर साचलेली पुस्तके वाचावीत. सौ.चे मत असे, की त्याने माळ्यावरचे डबे खाली काढून द्यावेत. दर वर्षी डबे निघतात आणि पुस्तके राहतात. यंदा मात्र दोन्ही राहिले. कारण वसुबारसेच्या दिवशी जळगावच्या गाडीतून आमचे भाचेबुवा दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरले. त्यांच्या पिशवीत कपडे थोडे आणि लॅपटॉप मोठा होता.

'तास सुटल्यावर' या सदराच्या वाचकांना माझा धंदा ठाऊक आहे. मराठीचे तास घ्यावेत, आणि तास सुटल्यावर जे कानी पडेल ते इथे सांगावे. एरवी मी म्हणी, वाक्प्रचार, लग्नपत्रिकांतले शुद्धलेखन अशा विषयांवर लिहितो. आज लिहिणार आहे एका व्हिडिओ गेमविषयी. संपादकमहाशय, कपाळाला हात लावू नका, शेवटपर्यंत वाचा.

भाचेबुवांचे वय अठरा. यंदाच बारावी झाली. दोन वर्षे त्याला बाहेरगावच्या एका नावाजलेल्या क्लासात ठेवले होते. इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा निकाल लागला, आणि तेव्हापासून बाप-लेकांत बोलणे नाही. 'पाणी आण', 'दार लाव' यापलीकडे शब्द नाही. ताईने म्हणून त्याला पुढे पाठवून दिले. ती आणि दाजी भाऊबिजेला यायचे होते.

पहिल्या रात्री अकरा वाजता माजघरातून धडाडधूम ऐकू आली. रागावायला म्हणून गेलो. पोराने मान वर न करताच विचारले, "मामा, लॉयल्टी म्हणजे नेमकं काय हो?"

"निष्ठा," मी सवयीने म्हणालो.

"ते माहीत आहे. पण ती मिळवायची कशी?"

वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला वर्गात कोणी विचारलेला नाही. मी खुर्ची ओढून बसलो, तो पाडव्यापर्यंत उठलो नाही म्हणा ना.

खेळाचे नाव 'मास इफेक्ट २'. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने तो २०१० सालच्या जानेवारीत काढला. २००७ ते २०१२ या काळात निघालेल्या तीन भागांच्या कथेतला हा मधला भाग. २०२१ साली तिन्ही भाग नव्याने सजवून एकत्र निघाले, तेच भाचेबुवांच्या यंत्रात होते. असले खेळ आपल्याकडेही होतात. पुण्यात तयार झालेला 'इंडस' हा भविष्यकाळातला खेळ २०२४ साली निघाला. पण त्यात कथा थोडी नि लढाई फार, असे भाचेबुवांचे मत पडले.

विज्ञानकथा मला नवी नव्हती. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. पण कथेत पुढे काय व्हायचे ते लेखक ठरवतो. इथे बरेचसे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि चुकले तर माणसे जीवानिशी जायची!

नायक कमांडर शेपर्ड. हवे तर नायिका, तेही खेळणाऱ्याने ठरवावे. कथेच्या आरंभीच तो मरतो. सर्बेरस नावाची एक गूढ संघटना दोन वर्षे खपून त्याला जिवंत करते, जहाज देते आणि कामगिरी सांगते. दूरच्या ग्रहांवरच्या वसाहतींतून माणसे नाहीशी होत आहेत. त्यांना पळवणाऱ्या कलेक्टर नावाच्या जमातीचा बंदोबस्त करायचा. त्यांचा तळ आहे 'ओमेगा ४' नावाच्या द्वारापलीकडे. तिथे गेलेले कोणाचेही जहाज परत आलेले नाही.

मी हे सौ.ला मोठ्याने सांगत होतो. माय शेजारी सांजोऱ्यांचे सारण सारखे करत बसली होती. तिचा हात थांबला.

"कलेक्टर मानसे पळावस? धुयाना कलेक्टर का रे भाऊ?"

तो धुळ्याचा नव्हे, हे तिला पटवताना माझी पुरेवाट झाली.

यापुढे भाच्याच्या शंका सुरू झाल्या. खेळातले संभाषण सगळे इंग्रजीत, तेही भरभर. पोराला बंदूक चालवायला अडत नव्हते, कथानकात अडत होते. पहिली शंका: हे कलेक्टर मुळात कोण? उत्तर खेळातच मिळते, पण लक्ष देऊन ऐकावे लागते. पन्नास हजार वर्षांपूर्वी प्रोथियन नावाची मोठी संस्कृती आकाशगंगेवर नांदत होती. रीपर नावाच्या प्रचंड यंत्रांनी ती बुडवली. तिच्यातल्या काहींना पिढ्यान्‌पिढ्या बदलत नेऊन त्यांचे गुलाम केले. तेच हे कलेक्टर.

दुसरी शंका: माणसे पळवून ते करतात काय? त्यांना विरघळवून, त्या रसातून नवा रीपर घडवतात. हे ऐकून माय म्हणाली, "आग लागो त्या खेळाला," आणि पुढचे ऐकायला जवळ सरकली.

तिसऱ्या शंकेने मात्र मला गप्प केले. सर्बेरसचा म्होरक्या शेपर्डला एका बंद पडलेल्या कलेक्टर-जहाजावर धाडतो. तो सापळा असतो, आणि म्होरक्याला ते ठाऊक असते. तरी तो सांगत नाही. का? मी म्हणालो, "सांगितलं असतं तर शेपर्ड सावधपणे वागला असता आणि शत्रूला संशय आला असता, असा त्याचा हिशेब."

"पण माणूस तर आपलाच ना? मग मोठी माणसं अशी का करतात, मामा?"

त्या प्रश्नाचा रोख माझ्याकडे नव्हता, तरी तो मला लागला. का लागला, ते पुढे सांगतो.

आता खेळाच्या अखेरीविषयी. कोणा वाचकाच्या घरी असाच भाचा अडून बसला असेल, तर त्याला हे वाचून दाखवावे. आमच्या पोराने पहिल्या खेपेला जे केले ते असे. जहाजाला जाड चिलखत बसवायचे राहिले. ओमेगा ४ ओलांडताच जॅक नावाची सोबतीण मेली. तळाच्या आत नळीतून सरपटत जाऊन दार उघडायला कोणीतरी हवे होते; जेकब नावाचा शिपाई 'मी जातो' म्हणाला, याने त्याला धाडले. तोही मेला. जो आपणहून हात वर करतो तोच त्या कामाचा असतो असे नाही, हे ज्ञान मला स्टाफरूममध्ये इतकी वर्षे बसूनही झाले नव्हते.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही कागद घेऊन बसलो. ओमेगा ४ ओलांडण्याआधी जहाजाची तीन कामे पुरी करावीत: जाड चिलखत, चांगली ढाल, मोठी तोफ. नळीत यंत्रांची जाणकार टाली किंवा यंत्रमानव लीजन यांपैकी एकाला पाठवावे. दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या म्हणून दोन्ही वेळा गॅरस उत्तम. त्याने माणसे सांभाळलेली आहेत. कीटकांच्या थव्यातून संरक्षक कवच धरून चालायला समारा किंवा जॅक. मिरांडा म्हणते, हे मलाही जमेल. तिचे ऐकू नये. सुटलेल्या खलाशांना जहाजावर पोचवायला म्हातारा डॉक्टर मॉर्डिन द्यावा. विद्वान मनुष्य, पण दार अडवून धरण्याच्या कामाचा नाही. शेवटच्या दारावर ग्रंट, झईद असे दांडगे गडी मागे ठेवावेत.

पण ही सारी यादी एका अटीवर चालते. प्रत्येक सोबती निष्ठावान हवा. आणि निष्ठा मिळते ती एकाच रीतीने: त्याच्या घरचे अडलेले काम मार्गी लावून. वाचकहो, मी थक्क झालो ते इथे. विश्व बुडायची वेळ आली आहे, आणि हे वीर एकेक करून कप्तानाच्या कानाशी लागतात ते घरच्या गोष्टी घेऊन. मिरांडाला बापापासून बहिणीला लपवायचे आहे. जेकबला वर्षानुवर्षे हरवलेल्या बापाचा ठाव मिळाला आहे. टालीवर खटला आहे, आणि त्याच्या मुळाशी तिच्या वडिलांची करणी आहे. आणि थेन! हा भाडोत्री मारेकरी. दुर्धर रोगाने चाललेला. बायको मारली गेली, मुलगा पोरका वाढला, आणि तोच मुलगा आता बापाच्या धंद्यात पहिले पाऊल टाकतो आहे. बाप कप्तानाला घेऊन त्याला अडवायला जातो. पुढे पोलिस ठाण्यातल्या एका खोलीत दोघे समोरासमोर बसतात. तो प्रसंग आला तेव्हा भाचेबुवांनी बटणावरचा हात काढून घेतला होता.

आणखी दोन सूचना. मिरांडा आणि जॅक यांचे कडाक्याचे भांडण होते. तसेच टाली आणि लीजनचे. तिथे एकीची बाजू घेतली की दुसरी मनातून उतरते. दोघींना राखायचे तर तुमच्या शब्दाला वजन हवे, आणि ते वजन आधीच्या वागणुकीतून साठलेले असावे लागते. भांडणाच्या दिवशी बाजारात मिळत नाही.

दुसरी सूचना वेळेची. शत्रूच्या मेलेल्या जहाजावरून ओळखयंत्र आणायला जाण्यापूर्वी बाकी सर्व कामे उरकावीत. फक्त लीजनचे काम त्यानंतर लगेच करावे, कारण तो त्याच जहाजावर सापडतो. यंत्र आणल्यावर थोड्याच काळात कलेक्टर आपल्या जहाजावरचे खलाशी पळवून नेतात. त्यानंतर क्षणही दवडू नये. लगेच निघाल तर सगळे वाचतील. एकदोन कामे करून जाल तर निम्मे विरघळलेले असतील. फारच रेंगाळाल तर एकटी डॉक्टरीणबाई उरेल. आमचे महाशय पहिल्या खेपेला ग्रहाग्रहांवर खनिजे हुडकत फिरले होते!

ही सूचना कागदावर लिहिताना माझा हात थांबला.

गेल्या डिसेंबरात एका रात्री या पोराने मला फोन केला होता. "मामा, मला तिथं शिकवलेलं कळत नाही. मला परत यायचंय. बाबांना तुम्ही सांगाल?" त्या क्लासात घालावे, हा सल्ला माझाच होता. दाजींना पैसे भरताना मीच धीर दिला होता. मी त्याला चिकाटीवर वीस मिनिटे व्याख्यान दिले. व्याख्यान देणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. आणि फोन आल्याचे कोणालाच सांगितले नाही. पुढचे तीन महिने तो वर्गात गेलाच नाही, खोलीत पडून राहिला. जूनमध्ये दाजी म्हणाले, "पोरानं एका शब्दानं सांगितलं नाही." तेव्हाही मी चहा पीत गप्प बसलो. पोरानेही माझे नाव घेतले नाही. निष्ठा म्हणजे काय, हे त्याने मला विचारावे!

पाडव्याच्या रात्री भाचेबुवांनी शेवटची स्वारी केली. बाराच्या बारा सोबती जिवंत परत आले. शत्रूचा तळ म्होरक्याच्या हवाली करायचा की उडवून द्यायचा, असा शेवटी प्रश्न येतो. त्याने मला न विचारता उडवून दिला. मी म्हणालो, "उद्या दाजी येताहेत. आधी मी बोलतो, मग तू बोल."

भाऊबिजेला ओवाळणे होण्याआधीच मी दाजींना ओसरीवर नेले आणि त्या फोनचे सांगितले. पोरगा दाराशी उभा होता. दाजींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्याला विचारले, "मला का नाही केलास फोन?"

"तुम्ही पैसे भरले होते," तो म्हणाला. "शेत गहाण ठेवून."

दाजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. जेवताना ते कोणाशी बोलले नाहीत. ताईने मला ओवाळले, पण तिचेही डोळे माझ्याकडे नव्हते. खेळात मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. ओसरीवर ती सोय नाही, आणि नसावी हेच बरे.

संध्याकाळी मी त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. गाडीला उशीर होता. तिघे बाकावर बसले, मी जरा अलीकडे उभा. बऱ्याच वेळाने दाजींचा आवाज आला.

"काय रे, आजी सांगत होती. त्या कलेक्टरचं मग पुढं झालं काय?"

पोराने सांगायला सुरुवात केली. आरंभापासून, शेपर्ड मरतो तिथपासून. गाडी लागली तेव्हा तो थेनच्या मुलापर्यंत आला होता. दाजींनी एका हाताने त्याची पिशवी उचलली, दुसऱ्या हाताने त्याला डब्यात चढवले, आणि दारातून वळून मला म्हणाले, "शाळेला सुट्टी पडली म्हणजे या जळगावला." आमचे कॉलेज आहे हे दाजींना वीस वर्षे माहीत आहे. पण मी दुरुस्ती केली नाही.