सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन तालुक्याच्या गावात आलंय. टोचून घेण्याआधी काय माहीत हवं?

मागच्या महिन्यात तुमसरहून मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. एका पार्लरची जाहिरात होती. 'लग्नसराई स्पेशल! फुल फेस बोटॉक्स फक्त ९९९ रुपयांत. वधूच्या आईसाठी खास सूट.' खाली मावशीचा प्रश्न: "पोरीचं लग्न आहे वैशाखात. फोटोत कपाळाच्या आठ्याच दिसतात. करून घेऊ का? काही होत त नाही ना?"

मावशीला एका ओळीत 'नको' म्हणून सांगता आलं असतं. पण हा प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिलेला नाही. मुंबई-पुण्याच्या स्किन क्लिनिकमध्ये मिळणारी ही गोष्ट आधी नागपूरला आली आणि आता रील्सच्या वाटेने धानाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या तुमसरसारख्या गावातही पोहोचली आहे. म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर शोधलं.

हे इंजेक्शन नेमकं काय आहे?

'बोटॉक्स' हे एका कंपनीच्या औषधाचं नाव. आपण कोणत्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतो, तसं ते या प्रकारच्या सगळ्याच औषधांना चिकटलं. मूळ औषध आहे बोट्युलिनम टॉक्सिन. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू हे विष तयार करतो. माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते.

घाबरण्याआधी पुढचं वाचा. आपण कपाळाला आठ्या घालतो तेव्हा मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत जातो. नसेच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आकसतो. हे औषध त्या रसायनाचं सुटणंच थांबवतं. निरोप पोहोचत नाही, स्नायू सैल पडतो आणि वरच्या त्वचेला घडी पडत नाही.

इंजेक्शनचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. तीन ते चार महिन्यांनी तो ओसरतो, कारण नस पुन्हा कामाला लागते. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही. चेहरा तसाच ठेवायचा असेल तर वर्षातून तीनदा तरी सुई आली.

विषाचं औषध कसं झालं?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं मरत होती. जस्टिनस केर्नर या डॉक्टरने त्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. नाव तिथून आलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीच्या जेवणातलं हॅम खाऊन वाजंत्री आजारी पडले. त्या प्रकरणात एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जिवाणू शोधून काढला.

पुढे अ‍ॅलन स्कॉट या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणावर उपचार म्हणून त्याचा अगदी सूक्ष्म डोस वापरला. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनैच्छिक उघडझापीवर या औषधाला मान्यता मिळाली. कॅनडात जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ अशाच रुग्णांना हे इंजेक्शन देत असताना भुवयांमधल्या आठ्याही जातात, असं लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून त्यावर काम केलं. २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळाली.

थोडक्यात, हे औषध पार्लरमध्ये जन्माला आलेलं नाही. ते डोळ्यांच्या दवाखान्यातून आलं आणि अनेक वर्षं डॉक्टरांच्या हातात तपासलं गेलं. योग्य औषध, योग्य डोस आणि योग्य हात असेल तर ते बऱ्यापैकी सुरक्षित मानलं जातं. अडचण या तीनपैकी एक जरी निसटलं की सुरू होते.

कोणत्या सुरकुत्या जातात, कोणत्या नाही?

आरशासमोर उभं राहून आधी भुवया उंचवा, मग चेहरा सैल सोडा. हालचाल केल्यावरच दिसतात त्या रेषा स्नायूंमुळे पडलेल्या असतात. कपाळावरच्या आडव्या, भुवयांमधल्या उभ्या आणि हसताना डोळ्यांच्या कडेला येणाऱ्या रेषा या गटातल्या. त्यांच्यावर हे इंजेक्शन चांगलं काम करतं.

चेहरा शांत असतानाही दिसतात त्या रेषांचं कारण बहुतेक वेळा वय, ऊन आणि तंबाखू हे असतं. भंडारा जिल्ह्यात रोवणी आणि कापणीच्या दिवसांत तासन् तास उघड्यावर काम करणाऱ्या बाईच्या गालावरच्या सुरकुत्या स्नायूमुळे आलेल्या नसतात, तर उन्हाने त्वचेची लवचीकता गेल्यामुळे आलेल्या असतात. तिथे हे इंजेक्शन फारसं उपयोगी पडत नाही. डोक्यावरचा दुपट्टा, सनस्क्रीन आणि खर्रा-बिडी सोडणं यांचा फायदा जास्त आणि खर्चही कमी.

'हेअर बोटॉक्स' आणि फिलर म्हणजे तेच का?

नाही. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पार्लरमधलं 'हेअर बोटॉक्स' म्हणजे केस मऊ करणारा लेप, त्यात बोट्युलिनम टॉक्सिन नसतं. 'बोटॉक्स क्रीम' किंवा 'बोटॉक्स फेशियल' हेही फक्त नाव. कातडीवर चोळलेल्या क्रीममधून इंजेक्शनसारखा परिणाम होत नाही.

फिलर ही तिसरीच गोष्ट. त्यात बहुधा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा जेल ओठांत किंवा गालात भरतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते. म्हणून कोणी 'बोटॉक्स' म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच: लेप, क्रीम, फिलर की इंजेक्शन?

मग धोका कुठे आहे?

नेहमीचे त्रास किरकोळ असतात. सुई टोचल्या जागी थोडी सूज, काळं-निळं होणं, एखाद दिवस डोकं दुखणं. औषध शेजारच्या स्नायूत उतरलं तर पापणी लोंबते किंवा एक भुवई वर राहते. काही आठवड्यांत हे आपोआप सुधारतं, पण लग्न तोंडावर असेल तर ते आठवडे फार मोठे वाटतात.

गंभीर धोका म्हणजे विष लांबवर पसरणं. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये हा सर्वांत कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर छापणं बंधनकारक केलं.

अलीकडच्या घटना पाहिल्या तर बनावट किंवा विनापरवाना माल आणि अप्रशिक्षित हात वारंवार समोर येतात. एप्रिल २०२४ पर्यंत अमेरिकेच्या ११ राज्यांत २२ महिलांना बनावट किंवा चुकीच्या ठिकाणी घेतलेल्या इंजेक्शननंतर त्रास झाल्याची नोंद झाली. त्यातल्या निम्म्या रुग्णालयात दाखल झाल्या. इंग्लंडमध्ये २०२५ च्या जून-जुलैमध्ये सौंदर्य उपचारांनंतर विषबाधेची ३८ प्रकरणं समोर आली, त्यावेळी तपास विनापरवाना औषधाच्या दिशेने गेला. तपासयंत्रणा मजबूत असलेल्या देशांतली ही स्थिती आहे.

आपल्याकडचं उदाहरण इंजेक्शनचं नाही, पण धडा तोच आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली. तिथल्या तिघींना गोरं करणारं क्रीम वापरल्यानंतर किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून आलं होतं. चेहरा उजळला म्हणून लोक कौतुक करत होते, आणि आत किडनी खराब होत होती.

९९९ रुपयांचं गणित

आता मावशीच्या जाहिरातीकडे येऊ. बोटॉक्सच्या माहितीपत्रकानुसार फक्त भुवयांमधल्या आठ्यांसाठी २० युनिट लागतात. 'फुल फेस' म्हटलं की त्याच्या दुप्पट-तिप्पट. शंभर युनिटच्या एका कुपीची किंमतच काही हजार रुपये असते. मग ९९९ रुपयांत पूर्ण चेहरा कसा बसवणार? तीनच शक्यता उरतात: औषधात सलाइनचं पाणी जास्त, आधीच्या गिऱ्हाइकाची उरलेली कुपी, किंवा मालच बनावट.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. हे औषध भुकटीच्या रूपात येतं आणि सर्वसाधारणपणे २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. सलाइनमध्ये मिसळल्यावर तर ते २४ तासांत वापरावं, असं माहितीपत्रक सांगतं. वैशाखात विदर्भाचा पारा ४५ अंशांपुढे जातो. बॅगेत घालून नागपूरहून आणलेली कुपी, किंवा वीज गेल्यावर तासन् तास बंद राहिलेल्या फ्रिजमधली कुपी किती भरवशाची, हे ज्याने त्याने ठरवावं.

कायदा काय म्हणतो?

हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. महाराष्ट्रात नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमानुसार गुन्हा आहे. दोन-चार दिवसांचा 'एस्थेटिक्स कोर्स' करून भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र म्हणजे डॉक्टरची नोंदणी नव्हे.

पार्लर चालवणाऱ्या सगळ्याच बायकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. तालुक्याच्या गावात पार्लर हा कितीतरी घरांचा आधार आहे. त्यांनाही कोणीतरी 'यात खूप पैसा आहे' म्हणून हा माल आणि हा कोर्स विकतं. पण काही बिघडलं तर तो विकणारा सापडत नाही, पार्लरवालीच सापडते.

घ्यायचंच असेल तर काय विचाराल?

१. इंजेक्शन कोण देणार? नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. शक्यतो त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. तुमसर रोडहून नागपूर रेल्वेने साधारण दीड-दोन तासांवर आहे.

२. कुपी समोर उघडाल का? कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा, फोटो काढा.

३. किती युनिट देणार? वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं एकसारखी नसतात. म्हणून कंपनी आणि युनिट दोन्ही कागदावर लिहून घ्या.

४. पक्कं बिल देणार का? नाही म्हटलं तर तिथूनच परत फिरा.

आणि डॉक्टरांना तुम्ही काय सांगायचं? गर्भवती आहात किंवा बाळाला पाजता आहात, तर हे इंजेक्शन टाळतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी अँटिबायोटिक सुरू असेल, तर ते आधी सांगा. लग्नासाठी घेत असाल तर आदल्या आठवड्यात नको, निदान महिनाभर आधी घ्या. काही बिघडलंच तर सुधारायला थोडा तरी वेळ हाती राहतो.

त्रास झाला तर?

एकाचे दोन दिसणं, दोन्ही पापण्या जड होणं, बोबडी वळणं, घास न गिळणं, धाप लागणं. ही लक्षणं काही तासांतही येतात आणि काही आठवड्यांनीही. यातलं काहीही दिसलं तर पार्लरला फोन करत बसू नका. १०८ ला फोन करा, उपजिल्हा रुग्णालय गाठा आणि 'चेहऱ्यावर इंजेक्शन घेतलं होतं' हे लाज न बाळगता पहिल्याच वाक्यात सांगा. विषबाधेवरचं प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. जे स्नायू आधीच लुळे पडलेत ते त्याने लगेच परत येत नाहीत.

बनावट औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर करता येते. बोगस डॉक्टरची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा.

याच औषधाची दुसरी बाजू

हे सगळं वाचताना मला आजोबा आठवत राहिले. लकवा मारल्यानंतर त्यांची उजवी मूठ उघडेनाशी झाली होती. नखं तळव्यात रुतायची. आजी रोज कोमट पाण्यात त्यांचा हात धरून एकेक बोट सोडवायची, आणि ते कळवळायचे.

लकव्यानंतर असे आखडलेले स्नायू सैल करायला जगभर हेच औषध वापरतात. सोबत नियमित फिजिओथेरपी लागते. गेलेली ताकद त्याने परत येत नाही, पण मूठ उघडते, हात धुता येतो, वेदना कमी होते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या ताठ पायांसाठी, मानेच्या वेदनादायक आखडण्यासाठी, जुनाट मायग्रेनसाठीही ते देतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा एम्समध्ये मेंदूविकारतज्ज्ञांना याबद्दल विचारता आलं असतं. पण आम्हाला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आजोबा गेले तेव्हाही मूठ बंदच होती.

हे औषध रील्सवर सगळ्यांना दिसतं, ते आठ्यांसाठी. ज्यांच्या घरात लकव्याचा रुग्ण आहे, त्यांच्यापर्यंत मात्र ते पोहोचतच नाही. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच विचारा: "आखडलेल्या हातासाठी बोट्युलिनमचं इंजेक्शन चालेल का?"

मावशीने काय केलं?

तिने पार्लरमध्ये डॉक्टरचं नाव विचारलं. "सर रविवारी नागपूरहून येतात," एवढंच उत्तर मिळालं. नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, बिलही नाही. मावशी परत आली.

संध्याकाळी तिचा मेसेज आला: "राहू दे आठ्या. पोरीच्या लग्नात आईच्या कपाळावर नाही पडणार त कोणाच्या पडणार?"