कॅन्सरनंतर दुसरी किडनी : "आता काय उपयोग?" म्हणण्याआधी

किडनी बदललेले रुग्ण आता आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातही दिसतात. ऑपरेशन पुण्या-मुंबईत झालेले असते, पण ताप आला की ते नारायणगाव-मंचरच्या डॉक्टरकडेच येतात. त्यांच्यापैकी एखाद्याला पुढे लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर होतो. उपचारात कधी किडनीही जाते आणि डायलिसिस पुन्हा मागे लागते. मग घरात कुजबुज सुरू होते, "एक किडनी वाया गेली, आता दुसरी कशाला?"

माझे स्पष्ट मत आहे की हा निर्णय कुजबुजीवर होऊ नये.

हा कॅन्सर होतो कसा? शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात एपस्टाइन-बार नावाचा विषाणू गुपचूप मुक्काम करून असतो. पहारा ढिला पडला की त्याची लागण झालेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू शकतात. बऱ्याच रुग्णांत कारण हेच असते. यात रुग्णाचे पथ्य चुकलेले नसते की आईने दिलेली किडनी खराब नसते.

गोळ्या कमी केल्यावर अशा काही गाठी विरघळतात, हे थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले. आजही उपचाराची पहिली पायरी तीच आहे. गरजेनुसार रिटुक्सिमॅब किंवा केमोथेरपी देतात. गोळ्या कमी झाल्याने किडनी गेली, तर ती जीव वाचवण्यासाठी मोजलेली किंमत असते. तिला वाया गेली म्हणू नका.

दुसरे प्रत्यारोपण होऊ शकते का? हो, पण घाईने नाही. कॅन्सर पूर्ण आटोक्यात आल्यावर, त्याच्या प्रकारानुसार, साधारण एक ते दोन वर्षे थांबतात. नीट पारखून निवडलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत लिम्फोमा परतलेला नाही, असा जगभरातला अनुभव आहे. तरी धोका शून्य नाही. शिवाय पहिल्या किडनीमुळे रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या असतील, तर जुळणारा दाता मिळणे अवघड जाते.

म्हणून किडनीतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ या दोघांचे मत घ्या. देणाऱ्या भावाला किंवा पत्नीला आजाराचा सगळा इतिहास सांगा. त्यांचा होकार माहितीतून आला पाहिजे, भिडेपोटी नको. घरात दाता नसेल, तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रत्यारोपण केंद्रामार्फत प्रतीक्षायादीत नाव लावता येते का, ते विचारा.

एक कळकळीची विनंती. हे वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करू नका. मात्र न उतरणारा ताप, मानेत-काखेत गाठ किंवा विनाकारण घटणारे वजन दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. थांबणे हाही उपचाराचाच भाग आहे, पण दार बंद झाले असे समजून घरी बसणे हा उपचार नव्हे.